बोटीच्या ट्रेलरची दुरुस्ती, अंबड एमआयडीसी: १७ दिवस लागले, पण ट्रेलर का तुटला ते शोधून काम करून दिलं

रिव्ह्यू लांब होणार आहे हे आधीच सांगतो, कारण नाशिकमध्ये बोटीचा ट्रेलर, म्हणजे बोट गाडीमागं ओढून न्यायचा चाकांचा सांगाडा, कोण नीट करून देतं हे मी स्वतः शोधत होतो आणि कुठंच काही सापडत नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे आपल्याकडे भरपूर आहेत, कांद्याच्या, द्राक्षाच्या, पाण्याच्या टँकरच्या, पण बोटीचा ट्रेलर म्हणलं की निम्मे जण म्हणतात ते काय असतं, आणि बाकीचे म्हणतात आणा की, वेल्डिंग मारून देतो. दुसऱ्या प्रकारच्या लोकांपासूनच सावध राहा हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

आमचा पोहणाऱ्या पोरांचा ग्रुप आहे, पंचवटीतले काही, काही जुन्या नाशकातले, दोघं-तिघं सिडकोतले. पावसाळ्यात गोदेला पाणी वाढलं की मदतीला जातो. नाशिककरांना सांगायला नको, आपल्याकडे पुराचं माप म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पाणी मारुतीच्या गुडघ्याला की कमरेला की छातीला, त्यावरून अख्खं गाव ठरवतं पूर किती मोठा आहे ते. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आमचे फोन सुरू होतात आणि बऱ्याचदा काम रामकुंडाकडं नसतंच, खाली निफाड तालुक्यात चांदोरी, सायखेड्याच्या बाजूला असतं, कारण तिथं नांदूर मधमेश्वर धरणाचा फुगवटा आणि वरून येणारं पाणी दोन्ही एकत्र येतं. २०१६ च्या ऑगस्टमधे तिकडं काय हाल झाले ते ज्यांनी बघितलं त्यांना माहितीय. तर बोट तिथपर्यंत रस्त्याने न्यावी लागते, म्हणजे आमच्यासाठी बोटीइतकाच ट्रेलर महत्त्वाचा आहे, बोट कितीपण भारी असू दे, ट्रेलर शिलापूरला रस्त्यात बसला तर तिचा काय उपयोग.

आणि तसंच झालं होतं खरंतर.

आधी जुनी गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमची फायबरची १४ फुटी बोट, मागं २५ एचपीचं इंजिन, आणि ट्रेलर जुना, कुणीतरी वापरून सोडलेला आम्ही स्वस्तात घेतलेला. गेल्या पावसाळ्यात पुढच्या दांड्याला, म्हणजे गाडीच्या हुकापासून फ्रेमपर्यंत जो लांब बॉक्स पाइप येतो ना त्याला, फ्रेमच्या तोंडाशी चीर गेली. घाई होती म्हणून शहरातल्याच एका वेल्डिंगवाल्याकडं नेला, नाव घेत नाही. त्याने अर्ध्या तासात खालून एक चौकोनी पट्टी ठेवली, चारही बाजूंनी वेल्डिंग मारलं, वरून काळा रंग फासला आणि ३,५०० रुपये घेतले. आम्हीपण खूश, म्हणलं झालं काम. पट्टी चांगली जाड होती, बघून वाटायचं आता हे जन्मात तुटणार नाही.

यंदा मे महिन्यात चांदोरीच्या बाजूला सरावाला गेलो होतो, येताना ओढा गाव सोडलं आणि मागच्या गाडीवरचा पोरगा हॉर्न मारत पुढं आला, डाव्या चाकातून धूर येतोय म्हणून. थांबलो तर हब, म्हणजे चाकाचा मधला बेअरिंगवाला भाग, एवढा तापलेला की पाण्याचे थेंब टाकले तर चर्रकन उडत होते, चाक हाताने हलवलं तर वर-खाली डुगडुगतंय. बेअरिंग गेलं होतं. आणि खाली वाकून बघतो तर त्या जाड पट्टीच्या कडेलाच, वेल्डिंग जिथं संपतं तिथं, गंजाची एक लालसर रेघ दिसत होती, नख आत जाईल एवढी. म्हणजे आम्ही बेअरिंग गेलं म्हणून वाचलो, नाहीतर दांडाच तुटून बोट नांदूर नाक्याच्या गर्दीत सुटली असती. त्या दिवशी सेफ्टी चेन पण नव्हती, एक नायलॉनचा दोर बांधलेला होता फक्त. हे लिहितानापण पोटात गोळा येतो.

बोट टेम्पोत घालून घरी आणली, ट्रेलर पिकअपमध्ये टाकला आणि एका कंपनीतल्या मेंटेनन्सच्या मित्राने सांगितलं म्हणून अंबडला या वर्कशॉपमध्ये नेला. एक्स्लो पॉइंटपासून आत जावं लागतं, शेड छोटी आहे, बाहेरून काही विशेष वाटत नाही, समोर कंपन्यांच्या जॉबचे सांगाडे पडलेले असतात. मालक स्वतःच मिस्त्री आहेत, पन्नाशीचे असतील, आधी कंपनीत फॅब्रिकेशनला होते. नाव टाकू नका म्हणाले म्हणून टाकत नाही, तिथं गेलात की कळेलच.

मी गेल्या गेल्या म्हणलं, "काका, दांड्याला वेल्डिंग करायचंय आणि बेअरिंग बदलायचंय, जूनच्या आधी पाहिजे." त्यांनी ट्रेलरभोवती दोन चकरा मारल्या, खाली झोपून टॉर्च मारून बघितलं, आणि म्हणाले, "साहेब, वेल्डिंग काय, आत्ता चहा होईपर्यंत मारून देतो, पण परत तुटणार. का तुटलं ते बघू द्या की आधी." मला तिथंच बरं वाटलं, कारण आधीच्या माणसाने का हा शब्दच काढला नव्हता.

आधी हब खोलला. टोपी काढली तर आतलं ग्रीस पिवळं नव्हतंच, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं झालेलं, आणि बोटांत चोळून बघितलं तर कचकच लागत होती, गोदेचा गाळ. बेअरिंगचे रोलर निळे पडलेले, काहींच्या अंगावर खड्डे. मागचं ऑइल सील तर बोटाने दाबलं आणि तुटलं. त्यांनी मला समजावून सांगितलं ते इथं लिहितो कारण हे आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं. रस्त्यावर ३०-४० किलोमीटर पळून हब गरम होतो, आतली हवा पण गरम होते. तसाच लगेच बोट उतरवायला ट्रेलर थंड पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. म्हणजे पाणी आपोआप झिरपत नाही, हब ते चोखून घेतो. त्यात पुराचं पाणी म्हणजे निम्मा गाळ. ट्रॉलीला हा प्रश्नच नसतो कारण ट्रॉली कधी पाण्यात जात नाही. म्हणून ट्रॉलीवाल्याचं शहाणपण इथं पुरत नाही.

साधा उपाय म्हणजे पाण्यात घालायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मी म्हणलं काका, पुरात लोकं छपरावर बसलेली असतात, आम्ही हब थंड व्हायची वाट बघत थांबणार का. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फोन आला की स्टब एक्सल, म्हणजे हब ज्यावर फिरतो तो आखूड आस, नवीन करू, मधून भोक पाडून आतून ग्रीस जाईल असा करतो. म्हणजे बाहेर टोपीजवळ निप्पल, त्यात गन लावली की ग्रीस मधल्या भोकातून थेट मागच्या सीलजवळ जातं आणि तिथून दोन्ही बेअरिंगमधून पुढं येतं, जुनं पाणी लागलेलं ग्रीस समोरून बाहेर. दरवेळी पाण्यातून आलं की पाच मिनिटांचं काम. फक्त चाक फिरवत फिरवत हाताच्या गननेच मारायचं, कॉम्प्रेसरच्या गनने जोरात मारलं तर मागचं सीलच बाहेर येईल, हे त्यांनी आम्हाला तीनदा बजावलं आणि ग्रुपमधल्या चौघांकडून स्वतःसमोर करून घेतलं. सील पण डबल लिपचं टाकलं आणि ग्रीस पाण्यात टिकणारं मरीन वालं, जुनं पुसून, डिझेलने धुवून, एक कणपण न ठेवता, कारण दोन जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात म्हणाले.

आता दांड्याचं. हा भाग मला सगळ्यात भारी वाटला. त्यांनी जुनी पट्टी ग्राइंडरने काढली, तो भाग पांढरा होईपर्यंत घासला, केमिकलने पुसला आणि त्यावर लाल रंगाचा स्प्रे मारला. मला वाटलं प्राइमर मारतायत. दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, मग फडक्याने सगळा लाल रंग पुसून टाकला, एकदम स्वच्छ, काहीच दिसेना. मग वरून पांढरी पावडर येणारा दुसरा स्प्रे मारला आणि म्हणाले, बघा आता. आम्ही तिघं वाकून बघतोय, आणि त्या पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटायला लागली, आधी केसाएवढी, मग जाड होत गेली, खालच्या बाजूने सुरू होऊन कोपऱ्यावरून वळून उभ्या बाजूवर दीड इंच वर चढलेली. डोळ्याला जेवढी चीर दिसत होती त्याच्या दुप्पट निघाली. आणि पलीकडच्या कोपऱ्यावर अजून एक बारीक रेघ, जी आम्हाला दिसलीच नव्हती. कंपन्यांत वेल्डिंग तपासायला ही टेस्ट नेहमी करतात, चिरेत शिरलेला लाल रंग पांढरी पावडर बाहेर ओढून घेते. नाशिकमध्ये एवढी इंडस्ट्री आहे, हे स्प्रेचे डबे सगळीकडं मिळतात, पण ट्रेलरवर वापरणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मग का तुटलं ते. ट्रेलर चालताना दांड्याचं पुढचं टोक गाडीच्या हुकावर टेकलेलं असतं, म्हणजे हूक त्याला खालून वर ढकलतो आणि मागं फ्रेम, बोट सगळं वजन खाली दाबतं. त्यामुळं दांड्याची खालची बाजू सतत ताणली जाते, आणि सगळ्यात जास्त ताण फ्रेमच्या तोंडाशी. आधीच्या माणसाने नेमकं तिथंच, खालच्या बाजूला, दांड्याला आडवं वेल्डिंग मारलं होतं. आडव्या वेल्डिंगच्या कडेला लोखंड कमजोर होतं आणि ताण बरोबर तिथंच येऊन साठतो, प्रत्येक खड्ड्याला थोडं थोडं उघडत जातं. त्यात पट्टी जाड, पाइप पातळ, म्हणजे पट्टी वाकत नाही आणि सगळं वाकणं पट्टीच्या कडेला येतं. म्हणजे जी पट्टी बघून आम्ही निश्चिंत झालो होतो तिच्यामुळंच नवीन चीर गेली. काका म्हणाले ठिगळ लावायचंच झालं तर बाजूच्या उभ्या भिंतींवर लावायचं, टोकं निमुळती कापायची आणि वेल्डिंग लांबीच्या दिशेनेच मारायचं, खालून आडवं कधीच नाही.

पण ठिगळाचापण प्रश्न राहिला नाही. त्यांनी जाडी मोजायचं छोटं मशीन आणलं, तेल लावून टोकाला लावलं की आकडा येतो. दांडा ८० बाय ४० चा ४ एमएमचा होता, वरच्या बाजूला ३.८ वगैरे आकडा येत होता आणि खालच्या बाजूला २.३, एका ठिकाणी तर २.१. आतून खाल्लेला. कारण दोन्ही टोकं पट्टी लावून बंद केलेली होती आणि कुठल्यातरी बोल्टच्या भोकातून पाणी आत जायचं पण बाहेर यायला वाटच नव्हती. कापला तेव्हा आतून ओंजळभर चिखल आणि गंजाचे पापुद्रे निघाले. चिखल अजून ओला होता, मे महिन्याच्या उन्हात. तो तुकडा मी घरी घेऊन आलोय, ग्रुपच्या पोरांना दाखवायला.

नवीन दांडा ९६ बाय ४८ चा ४.८ एमएमचा घेतला, आणि फ्रेमच्या तोंडाशी संपवायच्या ऐवजी फ्रेमच्या पहिल्या आडव्या पट्टीखालून मागं दुसऱ्या आडव्या पट्टीपर्यंत नेला, म्हणजे ताण एका जागी येत नाही. खालून एकही आडवं वेल्डिंग नाही. टोकं उघडी ठेवली, खाली निचऱ्याची भोकं पाडली. वेल्डिंग सीओटू गॅसचं आहे, एकसारखं, मी काही तज्ञ नाही पण बघूनच कळतं की हाताला शिस्त आहे.

मग रंग की गॅल्व्हनायझिंग, म्हणजे लोखंडावर जस्त चढवणं, यावर थोडी चर्चा झाली. मला पैसे वाचवायचे होते, ते म्हणाले पाण्यात जाणाऱ्या वस्तूला रंग म्हणजे दोन पावसाळे, आणि पाइपच्या आतून तर रंग लागतच नाही, गंज तर आतूनच लागलाय. ते पटलं. फ्रेम आधी शॉट ब्लास्टिंगला, म्हणजे छर्रे मारून साफ करायला, दिली कारण जुना रंग राहिला तर तिथं जस्त धरत नाही, मग हॉट डिपला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला. त्याच्याआधी फ्रेमच्या प्रत्येक बंद पाइपला त्यांनी भोकं पाडली, मला वाटलं कशाला उगाच कमजोर करतायत, तर म्हणाले जस्ताची टाकी ४५० डिग्रीला असते, बंद पाइपात हवा किंवा पाणी अडकलं तर तो बॉम्बसारखा फुटतो, भोकं नसतील तर प्लांटवाले जॉब परत पाठवतात. आणि सगळं वेल्डिंग डिपिंगच्या आधीच उरकलं, एकपण ब्रॅकेट नंतर लावायचं ठेवलं नाही, कारण जस्त चढवलेल्या लोखंडावर वेल्डिंग मारलं की जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. त्यांच्या एका पोराला पूर्वी झालं होतं म्हणे, तेव्हापासून शेडमध्ये नियम आहे, आधी जस्त घासून काढायचं मगच वेल्डिंग.

पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), यू-बोल्ट, शॅकल, बुश सगळं नवीन. एक्सल बसवताना त्यांनी कपलिंगच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाला गाडीच्या हुकावर बसणारा भाग असतो त्याच्या, मधोमध दोरी धरून दोन्ही चाकांच्या सेंटरपर्यंत मोजलं, आधी १४ एमएमचा फरक येत होता, म्हणजे ट्रेलर इतके दिवस तिरका चालत होता, डाव्या टायरची आतली बाजू गुळगुळीत झालेली त्याचं कारण ते. आता फरक २ एमएमच्या आत आहे.

शेवटच्या दिवशी बोट घेऊन बोलावलं. इंजिन, पेट्रोलची टाकी, लाइफ जॅकेट, दोर, पुरात नेतो तेवढं सगळं ठेवून. आधी धर्मकाट्यावर नेलं, ट्रेलरसकट ६४० किलो, त्यात बोट आणि सामान साधारण ३८०. मग परत शेडमध्ये, गाडीचा हूक सोडून दांड्याच्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून वजनाचा काटा लावला. २२ किलो. काकांनी मान हलवली. एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के वजन हुकावर यायला पाहिजे, म्हणजे आमचं ३२ ते ६४ किलो. कमी असलं की मागचं जड होतं आणि स्पीडला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. आम्हाला हे कायम व्हायचं, ६० च्या वर गेलं की गाडी मागून ओढल्यासारखी डावी-उजवीकडं जायची आणि आम्ही म्हणायचो रस्ता खराब आहे. कारण असं की आधीच्या मालकाचं इंजिन छोटं होतं, आम्ही मोठं लावलं आणि विंचचा, म्हणजे बोट ओढून ट्रेलरवर चढवायच्या चरखीचा, खांब तिथंच ठेवला.

विंचचा खांब त्यांनी मुद्दाम क्लॅम्पवर ठेवला होता, वेल्ड केला नव्हता, ह्याचसाठी. १८ सेंटीमीटर पुढं सरकवला, बोट पुढं ओढली, परत काटा लावला, ४५ किलो. अजून एक फायदा झाला जो मला नंतर कळला, आधी बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिनचं सगळं वजन असतं, ती खालच्या लाकडी पट्ट्यांच्या बाहेर अर्धा फूट लोंबकळत होती. फायबरची बोट अशी महिनोन् महिने ठेवली तर तळाला पोक येतो. आता भिंत पूर्ण पट्ट्यांवर टेकते.

बारीकसारीक बरंच आहे, सगळं लिहीत बसत नाही. कपलिंग आतून घासून मोठं झालेलं होतं, ५० एमएमच्या बॉलवर खडखडायचं, नवीन टाकलं. दोन सेफ्टी चेन आल्या, दांड्याच्या खालून एकमेकींना क्रॉस करून लावायच्या, म्हणजे हूक सुटला तरी दांडा चेनवर झेलला जातो, रस्त्यात रुतत नाही. मागचे दिवे एलईडीचे, सीलबंद, वायर पाइपातून नेली. पूर्वी बोट उतरवताना दरवेळी बल्ब फुटायचे, गरम बल्बवर गार पाणी, अजून काय होणार.

आता तक्रारी, कारण त्यापण खऱ्या आहेत. ८ दिवस सांगितले आणि १७ लागले. त्यातले ५ दिवस गॅल्व्हनायझिंगला गेले ते समजू शकतो, पण मधले तीन दिवस कंपनीचा अर्जंट जॉब आला म्हणून आमचं काम बाजूला ठेवलं आणि आम्हाला कळवलं नाही, मी जाऊन बघितलं तेव्हा कळलं. फोन उचलत नाहीत, ग्राइंडरच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणतात, मान्य, पण संध्याकाळी एक मिस्ड कॉल बघून परत करायला काय हरकत आहे. जून तोंडावर आलेला, गंगापूर धरणाकडं रोज बघणारी आम्ही माणसं, जीव वर-खाली होत होता. आणि बोट ज्यावरून सरकते त्यातला एक रोलर उलटा बसवला होता, घरी आल्यावर बोट चढवताना लक्षात आलं, दुसऱ्या दिवशी पोरगा येऊन बदलून गेला, पैसे घेतले नाहीत.

बिल ३८,६०० झालं. ब्लास्टिंग, डिपिंग, एक्सल, हब, बेअरिंग, पाटे, दोन टायर, दिवे, मजुरी सगळं धरून. आम्ही वर्गणी काढून भरलं, सोपं नव्हतं. ग्रुपमध्ये दोघांनी म्हणलं पण की एवढ्यात अजून थोडे घालून नवीनच आला असता. मी त्यांना तो कापलेला तुकडा दाखवला. नवीन ट्रेलरपण कुणीतरी बंद टोकांच्या पाइपाचाच बनवून दिला असता आणि वर काळा रंग मारला असता, आतलं आपल्याला काय दिसणार. इथं प्रत्येक जोड मी डोळ्यांनी बघितलाय. बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेली होती, जुने बेअरिंग, सील, यू-बोल्ट पिशवीत घालून परत दिले, मागितले नव्हते तरी.

जुलैत गंगापूरमधून पाणी सोडलं तेव्हा पहिल्यांदा खरी परीक्षा झाली. रात्री दोनला निघालो, पाऊस, खड्डे दिसत नाहीत, सायखेड्यापर्यंत गेलो, थांबायला वेळ नव्हता म्हणून ट्रेलर तसाच गरमच पाण्यात घातला. दोन फेऱ्या झाल्या, एक म्हातारी आजी, तिची सून आणि दोन शेळ्या आणल्या, आजी शेळ्यांशिवाय बोटीत बसायलाच तयार नव्हती. पहाटे परत येताना मी मुद्दाम तीन ठिकाणी गाडी थांबवून हबला हात लावून बघितलं. कोमट. दोन्ही सारखे. घरी आल्यावर चाक फिरवत गन मारली तर समोरून थोडं मळकट ग्रीस आलं आणि मग स्वच्छ. ७० च्या स्पीडलापण शेपटी हलली नाही. पोरं मागं झोपली होती, आधी कुणी झोपायचं नाही, सगळे मागं ट्रेलरकडं बघत बसायचे.

५० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट आणि यू-बोल्ट परत आवळायला आणा असं त्यांनी सांगितलं होतं, त्याप्रमाणे नेला. यू-बोल्टचे दोन नट खरंच अर्धा आटा फिरले. पाटे बसतात नवीन असताना म्हणाले, आता परत ढिले होणार नाहीत पण दिवाळीला एकदा दाखवा. त्याचे काही घेतले नाहीत, उलट चहा पाजला आणि आजीच्या शेळ्यांची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा फोनसाठी कापला. पुढं २०२७ चा सिंहस्थ आहे, गोदेवर बोटी वाढणार, ज्यांच्याकडं ट्रेलर आहेत त्यांनी आत्ताच एकदा दांड्याच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून बघा, गंजाची सरळ बारीक रेघ दिसली तर रंगाचा पोपडा आहे असं समजून सोडून देऊ नका. इथं जायचं असेल तर शनिवारी बंद असतं, सकाळी साडेनऊच्या आत जाऊन उपयोग नाही. बोट घरी उतरवून फक्त ट्रेलर न्या, शेडमध्ये बोट ठेवायला जागा नाही, आणि शेवटच्या दिवशी वजनासाठी बोलावतील तेव्हा टाकी भरून सगळं सामान टाकूनच न्या, आम्ही पहिल्यांदा रिकामी टाकी घेऊन गेलो होतो, परत पंपावर पाठवलं.